एका बेंबीची गोटी

आर्वेला माणसं विसरायची, गोट्या नाही. सख्ख्या भाच्याच्या लग्नात तिनं नवरीच्या आईला तीनदा नाव विचारलं होतं. पण एकोणीसशे अठ्ठावन्न साली झेन्सव्हिलच्या कुणा माणसाच्या खिशात पाहिलेल्या गोटीचा टवका कुठल्या बाजूला उडाला होता, ते तिला झोपेतून उठवून विचारा, चोख सांगेल. अ‍ॅक्रनच्या एका टायरच्या कारखान्यात तिनं एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. समोरून टायर सरकत जायचे आणि ही बोटं फिरवून त्यातले दोष काढायची. दोष काढण्याचाच पगार मिळत असेल तर माणसाच्या स्वभावाचं जे व्हायचं ते होतं. आर्वेलाचं झालं होतं. सुट्टीच्या दिवशी तीच बोटं ती जुन्या काचेच्या गोट्यांवर फिरवायची, आणि गोट्या जमवणाऱ्या सगळ्या वेड्यांमध्ये तिचा शब्द शेवटचा मानला जायचा. ती 'खरी' म्हणाली की गोटी खरी. 'खोटी' म्हणाली की पुढे कुणी तोंड उघडायचं नाही.

तर १९८६च्या जूनमधला शनिवार. मॅरिएटाच्या जवळ, ओहायो नदीच्या काठी एक दुमजली मोटेल आहे, तिथं हे लोक दरवर्षी जमतात. सगळ्या खोल्या यांच्याच. दार उघडं म्हणजे या, दार बंद म्हणजे गोट्यांचा मालक जेवतोय किंवा झोपलाय. पलंगांवर टॉवेल अंथरायचे, त्यावर गोट्या मांडायच्या. जागा पुरली नाही तर टीव्हीवर, इस्त्रीच्या टेबलावर. एका वर्षी तर एकानं बाथटबमध्ये दुकान थाटलं होतं. म्हातारी म्हातारी माणसं भिंग आणि पेनाएवढे टॉर्च घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरतात आणि घरी नातवंडांना जेवढं हसून दाखवत नाहीत तेवढं इथं एकमेकांना दाखवतात.

या जत्रेचा कायदा एकच, आणि तो कुठंही लिहिलेला नाही. गोटी ज्याच्या हातात, बोलणं त्याचं. तुम्ही ती हातात धरून आहात तोवर दुसऱ्यानं तिच्याबद्दल सौदा करायचा नाही, भाव पुसायचा नाही, खाकरायचंसुद्धा नाही. तुम्ही खाली ठेवलीत की तुमचा हक्क गेला. मागचा माणूस उचलायला मोकळा. या कायद्यापायी लोकांनी एका हातानं बुटाच्या नाड्या बांधल्या आहेत.

आर्वेला सकाळी दहाला वरच्या मजल्यावर थर्लकाकांच्या खोलीत शिरली. थर्ल बॉगेस चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांना सगळे काकाच म्हणत. खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर ते गेली वीस वर्षं बसत आले होते. पैसे घेऊन गोटी त्यांनी जन्मात विकली नाही, फक्त अदलाबदल करायचे, आणि तीही दुपारी तीननंतर.

"आलीस का गं टायरवाले, दोष काढायला?" काका म्हणाले.

"तुमच्यापासूनच सुरुवात करते. शर्टाचं बटण चुकलंय."

"ते मुद्दाम. बघत होतो तुझी नजर शाबूत आहे का."

पलंगावर सिगारच्या चार जुन्या पेट्या उघड्या पडल्या होत्या. कुठल्याशा घराच्या लिलावात काकांनी त्या न निवडता उचलल्या होत्या. आर्वेलानं तिसऱ्या पेटीत हात घातला. बटणं, मातीच्या गोट्या, एका घड्याळाची किल्ली, फुटक्या काचा. मग बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं, आणि ते बाहेर काढून तिनं खिडकीकडे धरलं.

मोठ्या बोराएवढी गोटी. काच पाण्यासारखी नितळ. मधोमध लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांचा पीळ. आणि त्याच्याभोवती, अगदी वरच्या कातडीखाली, एकाच कलानं वळत गेलेले बारा धागे. अकरा पांढरे. बारावा निळा.

आर्वेलानं गोटी फिरवली. पुन्हा फिरवली. मग ती मटकन पलंगाच्या कडेवर बसली. दोन पेट्या कलंडता कलंडता वाचल्या.

ही गोटी कशी होते ते एवढं समजून घ्या, म्हणजे ती अशी मटकन का बसली ते कळेल. जर्मनीतल्या डोंगरातले काचकामगार रंगीत धागे आत घालून तापल्या काचेची लांब कांडी ओढत, तिला पीळ देत आणि टोकाकडून एकेक गोटी कात्रीनं तोडत. तोडल्याची खूण दोन्ही टोकांना राहते, बाळाच्या नाळेची राहते तशी. हे लोक तिला बेंबीच म्हणतात. जुन्या गोटीला दोन बेंब्या. यंत्रावरच्या नव्या गोटीला एकही नाही. आणि एखाद्या लबाडानं टवके घालवायला जुनी गोटी चाकावर घासली तर बेंबी घासून जाते, आणि गोटीची किंमतही. एका कांडीतून पंधरा-वीस गोट्या निघत. त्या एकमेकींची सख्खी भावंडं. कामगार पुढची कांडी ओढायला घेई आणि आधीचा पीळ पुन्हा कधीच जुळत नसे.

अकरा पांढरे आणि एक निळा. आर्वेलानं हे पूर्वी पाहिलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी, याच मोटेलच्या खालच्या मजल्यावर, तिच्यापुढे गोट्या पारखून घेणाऱ्यांची रांग लागली होती. पिवळं स्वेटर घातलेल्या एका बाईनं रुमालात गुंडाळलेली गोटी पुढे केली. घराची भिंत फोडताना सापडली म्हणाली. कुणा पोरानं शंभर वर्षांपूर्वी फटीत टाकली असेल. आर्वेलानं अर्ध्या मिनिटात निकाल दिला, तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा. एक, शंभर वर्षांच्या गोटीवर ओरखडा नाही, हे कसं? दोन, बेंबी एकच आहे, म्हणजे दुसरी चाकावर गेली. आणि तीन, हा निळा धागा बघा, अर्ध्यातूनच सुरू झालाय. "बनवणाऱ्याला धड बारापर्यंत मोजतासुद्धा येत नव्हतं हो," ती म्हणाली होती, आणि रांग खळखळून हसली होती. त्या बाईनं मूठ मिटली, 'थँक यू' म्हणाली आणि गेली.

आणि आता तोच निळा धागा आर्वेलाच्या तळव्यावर होता. या बेंबीपासून त्या बेंबीपर्यंत अखंड. दोन्ही बेंब्या खडबडीत, अस्सल, कुणीही शंका घेऊ नये अशा. म्हणजे ही कांडी ओढणाऱ्या कामगाराची पांढऱ्या धाग्याची काडी तोकडी पडली होती. हाताला लागली ती निळी त्यानं पुढे जोडली. निळा जिथं सुरू झाला ती गोटी पहिली, आणि कांडीच्या टोकाच्या पहिल्या गोटीला बेंबी एकच असते, कारण तिच्या आधी तोडायला काही नसतंच. एवढं तर आर्वेला नवख्या लोकांना स्वतः शिकवत असे. भिंतीत पडून राहिली, कुणी खेळलं नाही, मग ओरखडा येणार कुठून?

तिनं त्या बाईच्या गोटीतले तीन दोष काढले होते आणि तिन्ही त्या गोटीच्या अस्सलपणाचे पुरावे होते. भिंग तिच्या गळ्यातच होतं त्या दिवशी. तिनं ते डोळ्याला लावलंच नव्हतं.

तिला लाज वाटली, हे तर खरंच. पण त्याहून आधी आणि त्याहून मोठं काही वाटलं. समुद्रापलीकडच्या एका डोंगरात, शंभरावर वर्षांपूर्वीच्या एका सकाळी, एका माणसाची काडी संपली होती. 'चालतंय' असं तो मनाशी म्हणाला असणार. त्या गोट्या पिंपात भरल्या गेल्या, जहाजानं आल्या, नदीकाठच्या एखाद्या वाणसामानाच्या दुकानात पोत्यातून ओतल्या गेल्या. दोन पोरांनी दोन उचलल्या. ती पोरं म्हातारी होऊन मेली. तो कामगार, ते दुकान, ते जहाज, सगळं मातीला मिळालं. आणि त्याच्या बोटांची ती एक हालचाल मात्र इथं तिच्या हातात होती, काल झाल्यासारखी ताजी.

"ठेवतेस का खाली?" मागून आवाज आला. इंडियानाचा वेन्डल क्रम. उंच, वाकलेला, चांगली गोटी कुठं निघाली की याला बरोबर वास येतो.

"नाही."

"हरकत नाही. मी आहे इथंच. मला आज दुसरं काम नाही."

"तुला कधीच दुसरं काम नसतं, वेन्डल."

काका खुर्चीतून हे पाहत होते. आर्वेलानं त्यांना विचारलं, "काका, पिवळ्या स्वेटरची एक बाई होती. पंचाहत्तर साली. भिंतीत गोटी सापडली म्हणायची."

"ऑर्फा," काका लगेच म्हणाले. ते गोट्या विसरायचे, माणसं नाही. "डेन्झिल स्वायगरची बायको. नदीच्या वरच्या अंगाला, सिस्टर्सव्हिलची. तू तिला हसली होतीस."

"मी नाही हसले. रांग हसली."

"रांगेला हसवलं कुणी?"

आर्वेला पलंगावरून उठली. मग म्हणाली, "मला तिला फोन करायचाय."

"ती गेली गं. सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात. डेन्झिल आहे."

फोन खाली ऑफिसात होता. आर्वेला जिना उतरली, गोटी उजव्या मुठीत. वेन्डल चार पायऱ्या मागे. डिरेक्टरीची पानं तिनं डाव्या हातानं उलटली आणि डाव्याच हातानं नंबर फिरवला.

"काही विकायचं असेल तर मला नकोय," पलीकडून आवाज आला.

"मिस्टर स्वायगर, मी आर्वेला मून्स. अ‍ॅक्रनची. गोट्यांच्या जत्रेत..."

पलीकडे कोंबड्या कुरकुरत होत्या.

"माहितेय तुम्ही कोण ते."

"तुमच्या मिसेसची ती गोटी. अजून आहे का तुमच्याकडे?"

"नाही."

"विकलीत?"

"तिच्या हातात दिली. शवपेटीचं झाकण लावायच्या आधी. वर टेकडीवर आहे, तिच्यापाशी."

आर्वेलाला बोलायचं होतं एकच वाक्य. माझं चुकलं. दोन शब्द. पण एकतीस वर्षं दुसऱ्याचे दोष मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या जिभेला स्वतःच्या दोषाचा सराव नव्हता. तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"तीनच्या आत इकडे येता येईल का तुम्हाला?"

"घेवड्याला काठ्या लावतोय," डेन्झिल म्हणाला आणि फोन ठेवला.

आर्वेला हातातल्या रिसीव्हरकडे बघत उभी राहिली. कशासाठी बोलावतेय तेसुद्धा तिनं सांगितलं नव्हतं. स्वतःला तिनं मनातल्या मनात अशी काही शिवी हासडली की ती इथं लिहिता येणार नाही. पुन्हा फोन लावला तर पलीकडे नुसती घंटा वाजत राहिली.

आता तिला हवं होतं ते एवढंच. ही गोटी तीन वाजेपर्यंत हातातून सोडायची नाही, काकांशी अदलाबदल करून घ्यायची आणि डेन्झिल स्वायगरच्या दारात जाऊन त्याला दाखवायची. वेन्डलकडे जर ती गेली तर इंडियानातल्या त्याच्या कपाटात कायमची बंद होणार. तो आपल्या गोट्या कुणाला दाखवत नसे, बायकोला तर मुळीच नाही.

दहापासून तीनपर्यंत पाच तास गोटी हातात धरणं ऐकायला सोपं आहे. बाराला तिनं पेपरोनी रोल डाव्या हातानं खाल्ला. आइस्ड टी सांडला, तोही डाव्याच हातानं.

"मी धरू का जरा?" वेन्डल म्हणाला. "तू निवांत हात धुऊन ये."

"धर की. आधी माझा जीव जाऊ दे."

"बाथरूमला तर जाशील ना?"

"तिथंही हिला घेऊन जाईन. तू बाहेर उभा राहा आणि देवाचं नाव घे."

गॅलरीतले लोक हसले. पण त्या दिवशी लोकांना आणखी एक नवल दिसलं. पारखायला गोटी घेऊन जो येईल त्याला आर्वेला 'थांबा' म्हणायची. भिंग लावायची. खिडकीकडे धरायची, उलटी करायची, पुन्हा भिंग लावायची. एका पोरसवदा शिक्षकाच्या साध्या यंत्रावरच्या गोटीला तिनं आठ मिनिटं दिली आणि शेवटी म्हणाली, "नवी आहे. पण मी चुकत असेन, तर आणखी कुणाला तरी दाखवा." आर्वेलाच्या तोंडून हे वाक्य! रांग जिन्यापर्यंत गेली, आणि तिची तब्येत बरी आहे ना असं दोघांनी काकांना जाऊन विचारलं.

उजवी मूठ घामेजली होती. काच थंड असते, पण हातात राहिली की ती हाताची ऊब घेते आणि मग सोडत नाही. मधूनमधून आर्वेला मूठ किलकिली करून आत बघायची. निळा धागा तिथंच होता. त्या टेकडीवर मातीखाली, एका बाईच्या मुठीत, हाच धागा अर्ध्यातून सुरू झाला होता आणि सुरू होऊन इथं आला होता.

पावणेतीनला काकांच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. वेन्डल आपला उत्तमातला उत्तम ट्रे घेऊन पहिल्या रांगेत. आर्वेला खिडकीपाशी. आणि तेवढ्यात दारातली माणसं बाजूला झाली. आत आला तो ओव्हरऑल घातलेला, गुडघ्यांना ओली माती लागलेला, सत्तरीचा एक ठेंगणा माणूस. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"डेन्झिल!" काका म्हणाले. "घेवडा आटोपला?"

"अर्धा राहिलाय." तो आर्वेलाकडे वळला. "बोला. काय हवंय तुम्हाला?"

आर्वेला एक पाऊल पुढे आली. मूठ मिटलेली ठेवूनच ती म्हणाली, "मिस्टर स्वायगर, आधी मला सांगा, ऑर्फाची गोटी कशी होती. तुम्हाला आठवतं तसं. मग मी तुम्हाला एक दाखवते."

डेन्झिलनं तिच्याकडे रोखून पाहिलं. ही बाई पुन्हा चेष्टा करतेय की काय, हे तो ताडून बघत असावा. मग त्यानं डोळे मिटले.

"सिंकवरच्या खिडकीत असायची," तो म्हणाला. "बाटलीच्या बुचावर बसवली होती तिनं. सकाळी भांडी घासताना ऊन तिच्यातून यायचं आणि भिंतीवर पडायचं. आधी लाल यायचा. आत लाल, पिवळा, हिरवा असा पीळ होता ना, त्यातला लाल आधी. बाहेरून पांढरे धागे. बेंबी खाली ठेवली की उजवीकडे वळत वर जायचे. मी मोजलेत. आजारात ती झोपून असायची तेव्हा पलंगाशी आणून ठेवली होती, मोजायला काय, वेळच वेळ होता. वरच्या अर्ध्यात बारा पांढरे. खालच्या अर्ध्यात अकरा. बारावा मध्येच संपायचा आणि तिथून निळा लागायचा, नेमका त्याच्याच टोकाला. ती म्हणायची, जिथं पांढरा दमला तिथं निळ्यानं हात दिला."

आर्वेलानं हात पुढे केला आणि मूठ उघडली.

डेन्झिलनं डोळे उघडले. त्यानं गोटीला हात लावला नाही, नुसता वाकून बघत राहिला. त्याचं नाक जवळजवळ तिच्या तळव्याला लागलं. बघता बघता त्याचे ओठ हलायला लागले. तो मोजत होता.

"अकरा," तो म्हणाला. "आणि निळा." मग त्याला कुणीतरी पलंगाच्या कडेवर बसवलं.

"तिच्या गोटीची ही पाठची बहीण आहे," आर्वेला म्हणाली. आवाज फुटत होता, पण तिनं तो चढवला, सगळ्यांना ऐकू जाईल इतका. "ऐका सगळे. पंचाहत्तर साली खाली सत्तावीस नंबरमध्ये मी ऑर्फा स्वायगरची गोटी खोटी म्हटली. घासलेली म्हटली. तुमच्यातले काही जण तिथं होते आणि हसले होते. ती खरी होती. नुसती खरी नव्हे, कांडीवरची पहिली होती. मी भिंग लावलं नाही. रांग मोठी होती आणि मला माझाच शब्द फार आवडत होता. माझं चुकलं."

वेन्डल क्रम खाली बघत होता. पंचाहत्तर साली तो रांगेत तिसरा होता.

"गाडीत ती पुलापर्यंत रडली," डेन्झिल म्हणाला. चिडून नाही, हवापाण्याबद्दल सांगावं तसं. "मी म्हटलं, त्या बाईला काय कळतं. तर माझ्यावरच उखडली. म्हणाली, आर्वेला मून्सला नाही कळणार तर कुणाला कळणार? ती खोटी म्हणाली म्हणजे खोटीच. शेवटपर्यंत खोटीच धरून चालली ती. पण खिडकीतून काढली नाही. आणि जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, डेन्झिल, माझ्याबरोबर दे ती. खोटी असली तरी माझी आहे."

आर्वेलाला वाटलं होतं, चूक कबूल केली की छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही. उलट त्याचा नेमका भार आता कळला. ती तशीच हात पुढे करून उभी राहिली, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला मोकळा असलेला डावा हातही तिला सुचला नाही.

भिंतीवरच्या घड्याळात तीन झाले. काकांनी खाकरून घसा साफ केला.

"वेळ झाली. वेन्डल, तुझं काय?"

वेन्डलनं ट्रेचं झाकण लावलं. "माझं काही नाही," तो म्हणाला. "मी इथं उभा होतो इतकंच."

आर्वेलानं पर्समधून एक कापडी पुडी काढून काकांच्या मांडीवर ठेवली. आत तिची सगळ्यांत लाडकी गोटी होती. स्वच्छ काच आणि तिच्या पोटात चांदीसारखा चमकणारा, पंख मिटलेला एक पक्षी. गेली सोळा वर्षं लोक ती नुसती बघायला मागत. खोलीत कुणीतरी शीळ घातली. काकांनी पक्षी उजेडात धरला, समाधानानं मान हलवली आणि सरळ खिशात टाकला. सौद्याच्या वेळी काकांना कुणाचा गहिवर दिसत नाही.

"झालं," ते म्हणाले. "तुझी."

आर्वेलानं गोटी डेन्झिलच्या हातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली. पाच तासांत पहिल्यांदाच तिचा उजवा हात रिकामा झाला. बोटं सरळ होईनात.

डेन्झिलनं ती खिडकीशी नेली. नदीवरून येणारं ऊन तिच्यातून गेलं आणि मोटेलच्या पिवळट भिंतीवर, टेलिफोन कंपनीच्या कॅलेंडरखाली, एक रंगीत ठिपका थरथरायला लागला. आधी लाल. इतक्या वर्षांत इतक्या गोट्या पाहिलेली ती माणसं, पण सगळ्यांच्या माना त्या ठिपक्याकडे वळल्या होत्या आणि दोघांतिघांनी तर टोप्या काढल्या.

"तुम्ही म्हणालात, पहिली," डेन्झिल तसाच भिंतीकडे बघत म्हणाला. "म्हणजे काय?"

"म्हणजे त्या कांडीची पहिली गोटी ती. तिच्या आधी काही नव्हतं, म्हणून बेंबी एकच. बाकीच्या सगळ्या तिच्या मागून आल्या."

"पहिली," तो पुन्हा म्हणाला. शब्द तोंडात घोळवत राहिला. "ऑर्फा नऊ भावंडांतली थोरली. आठ जणांना भरवून झाल्यावर हिचं ताट. शाळासुद्धा तिचीच आधी सुटली, त्यांची चालावी म्हणून. जन्मात कधी तिचा नंबर पहिला लागला नाही." आणि तो हसला. दात दोनच उरलेले, पण असं हसू आर्वेलानं त्या मोटेलमध्ये पूर्वी पाहिलं नव्हतं.

त्यानं गोटी परत आणून तिच्या हातात ठेवली.

"नाही, मिस्टर स्वायगर. तुमची आहे ती. मी तुमच्यासाठीच..."

"ही धाकटी तुम्ही ठेवा. थोरली आमच्याकडे आहे." त्यानं टोपी डोक्यावर चढवली. दारापर्यंत गेला आणि थांबला. "बाहेर ट्रक उभा आहे. माझ्याबरोबर चला टेकडीवर. तिला तुम्हीच सांगा."

"मी? तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकेल ती."

"माझं?" डेन्झिल म्हणाला. "मी अकरा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की खरी आहे. ती म्हणेल, तू गप बस डेन्झिल, आर्वेला काय म्हणाली ते सांग."

आर्वेलानं पर्स उचलली आणि त्याच्या मागोमाग जिना उतरली.